लिफ्ट केलेली थार: पुढच्या लोअर आर्मचे बुश पुन्हा फाटले. आता आर्मच बदलू का?

रामबागकर
नमस्कार मंडळी. गाडी थार, 2020 नंतरचं मॉडेल, डिझेल, फोर बाय फोर. पुढे-मागे स्पेसर (उंची वाढवणारे ठोकळे) टाकून दोन इंचांच्या आसपास उचलली आहे, टायर मूळ 255/65 आर 18 पेक्षा थोडे मोठे, ऑल टेरेन. लिफ्टचं काम इंदूरातल्याच एका गॅरेजात करून घेतलं.

त्रास असा आहे. ब्रेक दाबला की पुढून उजवीकडे एकदा ठक्क. ब्रेक सोडून गाडी पुढे घेतली की परत ठक्क. स्पीड ब्रेकर हळू ओलांडला तरी आवाज येतो. राऊच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग एका जागी राहत नाही, सारखं सावरत राहावं लागतं. लोअर आर्म म्हणजे चाकाला चॅसिसशी जोडणारा खालचा दांडा; त्याच्या चॅसिसकडच्या सांध्यातले रबरी बुश याआधी एकदा प्रेसवर काढून नवे बसवले होते. काही महिने बरे गेले आणि आता तेच परत. मिस्त्री म्हणतो आर्म पूर्ण बदला. एक मित्र म्हणतो, वरचे आर्मही लिफ्टवाले घे, नाहीतर पैसे पाण्यात. रोज ऑफिसला याच गाडीने जातो, त्यामुळे काम एकदाच आणि नीट व्हायला हवं. काय करू?

चोरलकाठ
भिया, रबरी बुश लिफ्टला टिकतच नाहीत. पॉलियुरेथेन टाक आणि मोकळा हो. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी तेच केलंय. चोरल नदीच्या पात्रातले गोटे रबर काय सहन करणार?

आणि बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा, बघितलास का? फक्त बुश बघून आर्म ऑर्डर करू नकोस.

जुनं_लोखंड
रामबागकर, आर्म विकत घेण्याआधी एक काम करा. गाडी धुऊन घ्या, पण फक्त वरून नको, आर्म आणि ब्रॅकेटच्या मधली माती पाणी मारून पूर्ण काढा. आपली माळव्याची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते. तिच्याखाली बुशची फट दिसत नाही, उलट माती फटीत बसली असेल तर बुश घट्ट असल्यासारखं वाटतं. मग टॉर्च घेऊन बघा आणि मला एवढंच सांगा: रबर नेमकं कुठे फाटलंय? सगळीकडून, की एकाच बाजूला? आणि डावं-उजवं सारखंच फाटलंय का?

बॉल जॉइंट तपासतानाही जॅक कुठे लावता त्याला महत्त्व आहे. तुमच्या गाडीत पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म, आणि स्प्रिंग-शॉकचं खालचं टोक लोअर आर्मवर बसतो, म्हणजे गाडीचं वजन खालच्या बॉल जॉइंटमधून चाकावर जातं. चॅसिसला जॅक लावून चाक लोंबकळत ठेवलं तर स्प्रिंग त्या जॉइंटला ताणून धरते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. जॅक लोअर आर्मखाली, जमेल तितका चाकाजवळ लावा. चाक जमिनीवरून जरा उचललं की टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून वर उचला. जॉइंटमध्ये जीव नसेल तर तिथेच दिसेल. मग टायर वर-खाली धरून हलवा. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, तरीही राहिला तर बॉल जॉइंटचा. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) बघा.

रामबागकर
काका, आज सकाळी सांगितल्याप्रमाणे धुऊन बघितलं. बॉल जॉइंट: उजवा खालचा टॉमी लावल्यावर हलतो, डोळ्यांना दिसण्याइतका. डावा ठीक. वरचे दोन्ही घट्ट, पण उजव्याच्या बुटाला (रबरी टोपीला) बारीक चीर आहे, ग्रीस बाहेर आलंय.

बुशचं मात्र विचित्र आहे. लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये आतल्या नळीच्या एका अंगाला चंद्रकोरीसारखी फट पडली आहे, नखं आत जाईल एवढी. दुसऱ्या अंगाचं रबर जवळपास नवंकोरं. डाव्या आर्मलाही फट आहे, लहान आहे, पण जागा आरशात बघितल्यासारखी तीच. टॉमीने आर्म पुढे-मागे ढकलला की फट उघडते आणि मिटते. मिटताना तोच ठक्क आवाज.

जुनं_लोखंड
मग कारण मिळालं. हे गोट्यांनी फाटलेलं नाही, आणि रबर कच्चं होतं असंही नाही. गोट्यांनी, खड्ड्यांनी फाटलं असतं तर दोन्ही बाजूंना एकाच जागी फाटलं नसतं. तुमचे बुश पिळून फाटलेत.

जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे लिफ्टच्या नव्वद टक्के गप्पा स्प्रिंग आणि टायरच्या असतात आणि बुशचा बोल्ट कुणाच्या लक्षातच येत नाही. रबरी बुशमध्ये बाहेर एक नळी असते, ती आर्ममध्ये दाबून बसवलेली. आत दुसरी नळी, आणि मधलं रबर दोघींना चिकटवलेलं. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो आवळला की ती नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये आवळली जाते, हलत नाही. म्हणजे आर्म वर-खाली होतो तेव्हा बुशमध्ये काहीच घसरत नाही. रबर पिळतं आणि परत सरळ होतं. ही त्याची रचनाच आहे.

आता प्रश्न असा की सरळ म्हणजे कुठे? तर बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात होता, तीच त्या रबराची आरामाची जागा. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर टांगलेली, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबराचा आराम तिथे. मग गाडी जमिनीवर उतरवली की उभ्या गाडीतच ते पिळलेलं, आणि खड्ड्यात चाक वर गेलं की आणखी पिळतं. उभं राहूनसुद्धा त्याला विश्रांती नाही. काही महिन्यांत आतल्या नळीपासून रबर सुटायला लागतं, आणि सुटतं ते ताणाच्याच बाजूने. तुमची चंद्रकोर ती.

तुमच्या गाडीत हे दोनदा झालं. पहिल्यांदा लिफ्ट केली तेव्हा. स्पेसर टाकला, आर्म नव्या कोनात आला, पण आतले, म्हणजे आर्मचे चॅसिसकडचे, बोल्ट कुणी ढिले केलेच नाहीत. बुशचा आराम कंपनीच्या उंचीवर आणि गाडी दोन इंच वर. दुसऱ्यांदा नवे बुश घातले तेव्हा, आणि तेव्हा ते बहुधा चाकं लटकत असताना आवळले. आता नवे आर्म आणाल, तेही तसेच आवळले गेले तर तेही फाटणार.

चोरलकाठ
काका, तुमच्या शब्दाला मान आहे, पण लिफ्ट केलेल्या कितीतरी गाड्या फिरताहेत आणि आर्मचे बोल्ट कुणी ढिले केलेले मी बघितले नाहीत. सगळ्यांचे तर फाटत नाहीत.

जुनं_लोखंड
सगळ्यांचे लगेच फाटत नाहीत, हे खरं. मूळ बुश जाड असेल, लिफ्ट कमी असेल, गाडी डांबरी रस्त्यावरच असेल तर वर्षानुवर्षं निभावतं. पण रोजच्या रस्त्यात खड्डे, शनिवार-रविवार जानापावच्या पायथ्याची नाहीतर चोरलकडची कच्ची वाट, त्यात मोठे आणि जड टायर, असं सगळं एकत्र आलं की आधीच पिळलेलं रबर आधी हार मानतं. हे बोल्ट ढिले करून गाडीच्या वजनावर परत आवळायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासासाठी मी तरी आर्मचा जुगार खेळणार नाही.

पॉलीबद्दल: पॉलियुरेथेनचा बुश नळीला चिकटवलेला नसतो, तो नळीवर फिरतो, म्हणून त्याला पिळाचा त्रास नाही. हा त्याचा खरा फायदा. पण फिरतो म्हणून त्याला ग्रीस लागतं, आणि पावसाळ्यात आपली चिखलमाती त्या ग्रीसमध्ये शिरली की तो करकरतो आणि नळीही झिजवतो. वारंवार उघडून ग्रीस भरायची तयारी असेल तर जरूर घालावा. शिवाय हादरे जास्त येतात. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत मी रबरच घालेन, पण नीट आवळून.

टिळकनगरची_जिम्नी
काका, एक विचारते. माझी जिम्नी आहे, तिच्यात पुढे विशबोन नाही, सरळ अॅक्सल आहे. आम्हीही गाडी उचलली आहे. हाच नियम मलाही लागू होतो का? माझी गाडी मोठ्या रस्त्यावर जरा भरकटते.

जुनं_लोखंड
ताई, बुशचा नियम तोच. ज्या आर्मला रबरी बुश आहे तो गाडी स्वतःच्या उंचीवर उभी असतानाच आवळायचा, मग अॅक्सल कुठलाही असो.

पण तुमचं भरकटणं वेगळ्या कारणाने असू शकतं. जिम्नीत पुढचा अॅक्सल दोन लांब आर्मवर धरलेला असतो. गाडी उचलली की ते आर्म खाली झुकतात आणि त्यांच्याबरोबर अॅक्सलही थोडा फिरतो. त्याने कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ. ती कमी झाली की गाडी रस्त्यावर तरंगल्यासारखी वाटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आळसाने परत येतं. त्यासाठी कॅस्टर सुधारणारे बुश मिळतात, ज्यांचं छिद्र मध्यापासून सरकवलेलं असतं, नाहीतर कोन बदललेले आर्म. दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉड, म्हणजे अॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा. अॅक्सल एका बाजूला सरकलाय का ते बघा: दोन्ही बाजूंनी टायर आणि फेंडर यांच्या मधलं अंतर टेपने मोजा. फरक असेल तर कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड लागेल. स्टिअरिंग जोरात थरथरत असेल तर मात्र आधी किंगपिन (ज्यावर चाक वळतं तो खिळा) आणि टाय रॉड तपासून घ्या, लिफ्टला दोष नंतर.

रामबागकर
मग काका, लोअर आर्म दोन्ही मूळ कंपनीचे पूर्ण घेतो, बॉल जॉइंटसकट. वरच्या आर्मचं काय? लिफ्टवाले घेऊ का? किंमत बघून छाती धडधडते.

जुनं_लोखंड
वरच्या आर्मचा निर्णय दिसण्यावर घेऊ नका, चाक पूर्ण खाली लटकल्यावर काय होतं त्यावर घ्या.

तुमचा स्पेसर शॉकच्या डोक्यावर आहे. तो टाकला की शॉकची चाल तेवढीच राहते, पण ती सगळी खाली सरकते. चाक आता कंपनीने ठरवलं होतं त्यापेक्षा खाली लटकतं. (आणि तो स्पेसर दोन इंचांचा नसतो. शॉक आर्मच्या मध्यावर बसतो, त्यामुळे डोक्यावरचा एक इंच चाकावर साधारण दोन इंच होतो. कुणी तुम्हाला दोन इंचांचा स्पेसर डोक्यावर टाकून देत असेल तर त्याला आधी हे विचारा.) लांब किंवा कडक स्प्रिंग टाकली तर गाडी उचलली जाते, पण पूर्ण लटकण्याची हद्द शॉकच्या लांबीनेच ठरते, ती बदलत नाही. म्हणून दोघांचा वरच्या आर्मवरचा परिणाम वेगळा.

चाक काढा, आर्म पूर्ण लटकू द्या आणि वरचा बॉल जॉइंट बघा. त्याची दांडी कपाच्या कडेला टेकली असेल, किंवा आर्म स्प्रिंगला घासल्याची खूण दिसत असेल, रंग उडालेला असेल, तर लिफ्टवाला अप्पर आर्म हवाच. त्यात बॉल जॉइंटचा कोन बदललेला असतो आणि आर्म स्प्रिंगपासून लांब वळवलेला असतो. थोडा कॅस्टरही परत मिळतो. टेकत नसेल आणि अलाइनमेंट मशीनवर कॅस्टर हद्दीत बसत असेल, तर मूळ आर्म पुरतो. घ्यायचाच झाला तर तुमच्या रोजच्या वापराला बुटाने झाकलेला बॉल जॉइंटवाला घ्या. उघड्या युनिबॉलची (बूट नसलेल्या धातूच्या गोल सांध्याची) फिरायची मोकळीक जास्त, पण धूळ आणि चिखल त्याला लवकर खातात.

ड्राइव्ह शाफ्टचे (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) बूटही तेव्हाच बघा. लटकलेल्या स्थितीत त्यांचा कोन वाढतो आणि घड्या एकमेकींना घासतात. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, तेही.

वकिली_चष्मा
कामाच्या गप्पांत कायद्याचं लिहितो म्हणून रागावू नका, पण लिफ्टचा धागा आहे तर हे इथे असावं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत बदल करण्याबद्दल आहे आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182ए नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ मापाचा आर्म बदलणं ही दुरुस्ती आहे, त्याची चिंता नाही. उंची आणि टायर हा वेगळा विषय. अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी तिथेच बोट ठेवू शकते. घरच्या माणसांना घेऊन फिरता, म्हणून सांगतो.

रामबागकर
दादा, रागवायचं काय त्यात. लिहिलंत ते बरं झालं. टायर झिजले की मूळ मापावरच येणार आहे, लिफ्टचाही विचार चालू आहे.

काम झालं. सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मूळ लोअर आर्म दोन्ही नवे. वरचा उजवा बॉल जॉइंट लटकल्यावर कडेला टेकत होता आणि बूटही फाटला होता, म्हणून वरचे दोन्ही आर्म कोन बदललेले घेतले, झाकलेल्या बॉल जॉइंटचे. गॅरेज बदललं. या मिस्त्रींना मी आधीच सांगितलं होतं की आतले बोल्ट शेवटी, वजनावर आवळायचे. ते म्हणाले, त्याशिवाय मी आवळतच नाही.

गाडी समतल फरशीवर असतानाच त्यांनी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं आणि खडूने फेंडरवर लिहून ठेवलं. मला तेव्हा कळलं नाही कशासाठी. आदल्या रात्रीच सगळ्या बोल्टना तेल मारून ठेवलं होतं. तरी उजवा मागचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झाला होता, शेवटी कापावा लागला. नवा बोल्ट घालताना त्यांनी मधल्या दांडीला पातळ ग्रीस लावलं, आटे मात्र कोरडे ठेवले. आट्यांना ग्रीस लागलं की पान्याचा आकडा तोच दिसतो आणि बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणाले.

बॉल जॉइंट सोडवताना काट्यासारखी पाचर घातली नाही. नट दोन आटे ढिला ठेवून नकलच्या (चाक धरणाऱ्या तुकड्याच्या) कानावर हातोडीचा एक नेमका ठोका, आणि टेपर, म्हणजे जॉइंटची निमुळती दांडी, सुटला. नट असल्यामुळे आर्म झटक्याने खाली आला नाही, आणि खाली जॅक होताच. ब्रेकचा कॅलिपर तारेने वर बांधून ठेवला, होजवर वजन येऊ दिलं नाही.

नवे आर्म चढवले. बॉल जॉइंटचे नट पूर्ण टॉर्कने (ठरलेल्या जोराने) आवळून नव्या स्प्लिट पिना. एका ठिकाणी भोक जुळत नव्हतं, तर नट मागे न घेता थोडा पुढे आवळून जुळवलं. आतले बोल्ट फक्त हाताने टेकवून ठेवले. मग जॅक लोअर आर्मच्या चाकाकडच्या टोकाखाली लावला आणि खडूने लिहिलेलं अंतर येईपर्यंत वर घेतलं. तेव्हा खडूचा उलगडा झाला! गाडी त्याच उंचीवर आहे असं आर्मला वाटतं, आणि चाक काढलेलं असल्यामुळे पाना फिरवायला जागा मिळते. मॅन्युअलमधल्या टॉर्कने आतले बोल्ट तिथेच आवळले.

चोरलकाठ
अलाइनमेंट कुठे आली? आकडे टाक ना.

रामबागकर
कॅस्टर दोन्ही बाजूंना अर्ध्या अंशाच्या आत सारखा आला, आधी उजवा बराच कमी होता. टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) पूर्ण बिघडलेला होता, तो नीट केला. स्टिअरिंग आता वळणानंतर स्वतःहून परत येतं. ब्रेकवरचा आवाज गेला. परवा महूपर्यंत गेलो, रस्ताभर हात हलकाच राहिला.

टिळकनगरची_जिम्नी
मोजलं. माझा अॅक्सल खरंच एका बाजूला सरकलाय, टेपवर स्पष्ट दिसतं. पॅनहार्ड रॉड आणि कॅस्टर बुश दोन्ही मागवलेत. काका, आधी काय बसवू?

जुनं_लोखंड
ताई, दोन्ही एकाच वेळी बसवा, म्हणजे अलाइनमेंट एकदाच करावी लागेल. आधी कॅस्टर बुश, गाडी जमिनीवर उतरवून ते बोल्ट आवळायचे, मग पॅनहार्ड रॉडची लांबी जुळवून अॅक्सल मध्यावर आणायचा, आणि त्यानंतर मशीनवर जायचं. स्टिअरिंग वाकडं दिसलं तर रॉड सरकल्यामुळे तसं होतं, ते ड्रॅग लिंकवर (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर) सरळ करून घ्या.

रामबागकर, पाचेकशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट टॉर्क पान्याने एकदा तपासून घ्या, पुन्हा गाडीच्या वजनावरच. जुने बोल्ट आणि लॉक नट परत कुठेही वापरू नका.

रामबागकर
तपासतो काका. आणि त्या खडूच्या युक्तीचा फोटो काढलाय, धाग्यात वर जोडतो.